आटे की माथा?

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी आज कुणी पुन्हा उभी करायला घेतली, तर इंजिनाचं काम फारसं अडवत नाही. पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, क्लच प्लेट, ब्रेकचे रबर, सगळं थोड्या खटपटीने मिळतं. ज्या भागावाचून गाडी जागची हलत नाही, तो कुणीतरी बनवत राहतो आणि कुणीतरी माळ्यावर साठवून ठेवतो. अडतं ते गाडीच्या आत, बसल्या जागेवरून हाताला लागेल इतक्या अंतरावर. सनव्हायझर छताला धरणारे स्क्रू, दाराच्या उंबऱ्यावरची अॅल्युमिनियमची पट्टी दाबून ठेवणारे स्क्रू, डॅशबोर्डच्या कप्प्याच्या बिजागरीचे, आतल्या आरशाचे, छतातल्या दिव्याच्या काचेचे. हे नसले तरी गाडी चालते. म्हणूनच ते आधी जातात आणि सर्वांत शेवटी सापडतात.

ते जातात कसे, याची हकिकत बहुतेक जुन्या गाड्यांची सारखीच. सीटची कव्हरं शिवणारा दाराचं पॅनेल काढतो, टेप बसवणारा डॅशबोर्ड खोलतो, काच अडकली म्हणून मेस्त्री तेच पॅनेल पुन्हा उतरवतो. काढलेले स्क्रू कधी झाकणात, कधी खिशात, कधी सीटखाली. परत बसवताना डब्यात जो हाताला लागेल तो घातला जातो. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि स्क्रू ‘बसतो’. वीस-तीस वर्षांनी एकाच दारावर चार जातींचे स्क्रू दिसतात, दोन भोकं रिकामी असतात आणि एकात लाकडाचा स्क्रू पिळून घातलेला असतो.

पुण्यातल्या एका घराच्या पार्किंगमध्ये अशीच एक पद्मिनी उभी आहे. तिच्या आतल्या स्क्रूंवरून काका आणि पुतणी यांच्यात जो वाद चालला आहे तो नीट ऐकण्यासारखा आहे, कारण विषय दोघांनाही कळतो. काकांचं आयुष्य चिंचवडच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर म्हणून गेलं. पुतणी प्लॅस्टिकच्या भागांचं डिझाइन करते. गाडी नीट व्हावी असं दोघांनाही वाटतं. नीट म्हणजे काय, मतभेद एवढ्यावरच.

पुतणीचं म्हणणं सरळ होतं. “काका, मला प्रत्येक जागी कंपनीतून आला होता तसाच स्क्रू हवा. माथा तोच, खाच तीच, मुलामा तोच. दहा जण दहा ठिकाणचे स्क्रू घालून गेलेत, ते सगळे काढायचे.”

“आणि आटे?” काकांनी विचारलं.

“ते तर आलेच त्यात.”

“नाही आले. तू माथ्यापासून सुरुवात केलीस. स्क्रूची चौकशी दुसऱ्या टोकाकडून करायची. भोकात काय आहे ते आधी बघ. भोक एकदा बिघडलं की बिघडलं. माथा काय, उद्याही बदलता येतो.”

काकांच्या या एका वाक्यात अर्धा विषय येतो. भारतात जुन्या गाडीचा स्क्रू शोधणाऱ्याला एक अडचण अशी येते की, इथल्या रस्त्यांवर तीन वेगवेगळ्या मापांच्या गाड्या शेजारी शेजारी धावल्या. पद्मिनी मुळात फियाट ११०० डी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभारलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ती इटालियन आराखड्यावरून बनवू लागली आणि १९७० च्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळालं. इटालियन म्हणजे मिलिमीटरचे आटे. अॅम्बेसेडर आली मॉरिस ऑक्सफर्डवरून, तिच्यात ब्रिटिशांचे इंची आटे. महिंद्राची जीप अमेरिकन विलीज घराण्यातली, तिच्यातही इंच. एकाच गल्लीतला एकच मेस्त्री या तिन्ही गाड्या खोलायचा आणि तिन्हींचे स्क्रू एकाच डब्यात टाकायचा. पद्मिनीत आज जो परका स्क्रू सापडतो, तो बहुधा अशाच एखाद्या डब्यातून आलेला असतो.

यातला खरा धोका पुतणीला काकांनी एका कागदावर मांडून दाखवला. एम-५ हा मेट्रिक स्क्रू ५ मिलिमीटर जाडीचा, त्याच्या दोन आट्यांमधलं अंतर ०.८ मिलिमीटर. अमेरिकन १०-३२ स्क्रूची जाडी ४.८३ मिलिमीटर, इंचाला ३२ आटे, म्हणजे आट्यांमधलं अंतर ०.७९. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या विजेच्या सामानात भेटणारा २ बीए हा स्क्रू ४.७ मिलिमीटरचा, अंतर ०.८१. तिघे नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाहीत. एक सेंटिमीटर लांबीत एम-५ चे साडेबारा आटे बसतात आणि १०-३२ चे १२.६, एवढ्या आखूड स्क्रूवर आटे मोजायचं गेज लावूनही फरक कळत नाही.

“मग कळतो कशात?”

“जाडीत. व्हर्नियर लाव. नवा एम-५ कधीही बरोबर ५ भरत नाही, ४.९ च्या आसपास येतो. ४.७ किंवा ४.७५ आला, तर तो मेट्रिक नाही असं समज. आता हा बघ.” काकांनी सनव्हायझरच्या जागेतून निघालेला स्क्रू तिच्या हातावर ठेवला. “हा १०-३२ आहे. एम-५ च्या भोकात बारीक पडतो, म्हणून सहज आत गेला. गेला म्हणून मेस्त्रीला वाटलं बसला. पण तो आट्यांच्या नुसत्या टोकांना धरून होता. व्हायझर वरखाली होताना तो जरा जरा हलायचा आणि हलता हलता भोकातले आटे खायचा.”

उलट प्रकार आणखी वाईट. १०-३२ च्या भोकात एम-५ घातला तर एक-दीड आटा जाऊन तो अडतो. अडल्यावर पेचकसाला जोर लावला की स्क्रू पुढे सरकतो खरा, पण भोकातले मूळचे आटे कापत सरकतो. म्हणून टूलरूममध्ये शिकाऊ मुलाला पहिल्या दिवशी सांगतात तेच काकांनी इथे सांगितलं: पहिले तीन आटे पेचकसाशिवाय, नुसत्या बोटांनी लागले पाहिजेत. बोटांनी लागत नसेल तर स्क्रू चुकीचा आहे किंवा भोकात घाण आहे. दोन्हीपैकी कुठल्याच बाबतीत जोर हे उत्तर नाही.

इथे काकांची बाजू निर्विवाद आहे. चुकीच्या माथ्याने गाडी बेढब दिसते. चुकीच्या आट्याने ती कायमची बिघडते. पद्मिनीसारख्या गाडीत अनेक ठिकाणी नट पत्र्याच्या मागे आतून जोडलेला असतो, तो बदलायचा तर अस्तर आणि गादी सगळं उतरवावं लागतं. पन्नास पैशांच्या स्क्रूने हजारो रुपयांचं काम काढलं, असं गॅरेजमध्ये अनेकदा घडतं.

पुतणी मात्र इतक्यावर थांबणारी नव्हती. “आटे तुमचे. पण काका, आत किती स्क्रूंना आटे पाडलेलं भोक असतं? निम्म्याहून जास्त स्क्रू थेट पत्र्यात नाहीतर प्लॅस्टिकमध्ये जातात. तिथे तुमचं व्हर्नियर काय सांगणार?”

हा प्रश्न मोक्याचा होता. पत्र्याचा स्क्रू, म्हणजे दुकानात ज्याला सेल्फ टॅपिंग म्हणतात तो, स्वतःचे आटे स्वतः पाडतो. आणि त्याचं माप जगभर एकाच जुन्या पद्धतीवर चालतं. शून्य नंबरचा स्क्रू ०.०६० इंच जाडीचा, पुढे प्रत्येक नंबराला ०.०१३ इंचाची भर. त्या हिशोबाने ६ नंबर म्हणजे ०.१३८ इंच, साडेतीन मिलिमीटर. ८ नंबर ४.२ मिलिमीटर, १० नंबर ४.८. आजच्या आंतरराष्ट्रीय मानकात त्यांना एसटी ३.५, एसटी ४.२ अशी मिलिमीटरची नावं आहेत, पण माप तेच इंचातलं आहे. त्यामुळे गाडी इटालियन असो, जपानी असो की ब्रिटिश, तिच्यातला पत्र्याचा स्क्रू रविवार पेठेतल्या बोहरी आळीत ‘सहा नंबर, अर्धा इंच’ असं म्हणून मागता येतो. दुकानदार न विचारता पुडी काढून देतो.

म्हणजे हा स्क्रू मिळणं सोपं. अडचण आहे ती कुठला घ्यायचा याची. भोक सैल झालं की एक नंबर मोठा घालायचा, ही गॅरेजची जुनी सवय. सहाचा आठ होतो, आठाचा दहा होतो, आणि मग पट्टीतलं भोक माथ्यापेक्षा मोठं होतं. पुतणीच्या मते ही सगळी मोडतोड मूळ स्क्रूकडे दुर्लक्ष केल्याने झाली, आणि तिच्याकडे याला पुरावा होता. तिने गाडीतून निघालेले दोन स्क्रू शेजारी ठेवले. एकाचं टोक बोथट, दुसऱ्याचं अणकुचीदार.

“दोन्ही सहा नंबर. तुमच्या हिशोबाने दोन्ही चालतील. पण कंपनीने डॅशबोर्डच्या खाली बोथट टोकाचा घातला होता, कारण मागून वायरिंग जातं. नंतर कुणीतरी टोकदार घातला आणि तोही पाव इंच जास्त लांब. ही बघा वायर.” वायरीचं वरचं आवरण एका जागी ओरखडलं होतं. तांबं उघडं पडलं नव्हतं, एवढंच नशीब. “मूळ स्क्रू हवा असं मी म्हणते ते नुसतं दिसण्यासाठी नाही. ज्याने तो निवडला त्याला मागे काय आहे हे माहीत होतं. आपल्याला प्रत्येक वेळी माहीत असतंच असं नाही.”

काका काही क्षण वायरीकडे बघत राहिले आणि म्हणाले, “हे मान्य. लांबी आणि टोक मी माथ्यात धरत होतो. ते आट्यांच्या बाजूला घे.”

वादाला खरं वळण मिळालं ते इथे. लांबी ही जुन्या गाडीतली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. दाराच्या आतल्या पॅनेलमागे काच खाली येते. तिथे पाव इंच जास्तीचा स्क्रू गेला की काचेवर उभी रेघ उमटते आणि ती कशानेही जात नाही. छताच्या पुढच्या पट्टीत लांब स्क्रू गेला की तो वरच्या पत्र्याला आतून टेकतो आणि बाहेर टेंगूळ येतं. म्हणून नमुन्याचा स्क्रू हरवला असेल, तर आधी एक काडी भोकात अलगद घालून मागे मोकळी जागा किती आहे ते पाहावं, त्यात बसवायच्या भागाची जाडी मिळवावी, आणि मगच लांबी ठरवावी.

प्लॅस्टिकच्या बाबतीत तर पुतणीनेच काकांना शिकवलं. प्लॅस्टिकच्या पोकळ खुंटात पत्र्याचा स्क्रू परत घालताना तो सरळ पिळायचा नाही. आधी हलक्या हाताने उलटा फिरवायचा. एका जागी तो टक्कन किंचित खाली बसतो. तिथे जुन्या आट्याचं तोंड असतं. तिथून सुलटा फिरवला की तो जुन्याच वाटेने जातो. न पाहता पिळला तर तो दुसरे आटे पाडतो, आणि अशी दोन-तीनदा पाडापाडी झाली की खुंटात आटे उरतच नाहीत, नुसती भुकटी उरते. खुंट तडकलेला असेल तर प्लॅस्टिक कुठलं ते पाहावं लागतं. नंतरच्या गाड्यांतलं एबीएस अॅसिटोनमध्ये विरघळतं, त्यामुळे एबीएसचेच तुकडे विरघळवून केलेली लापशी भेगेत भरता येते. जुन्या गाड्यांच्या काळ्या, कडक बेकेलाइटच्या मुठी आणि बटणं विरघळतही नाहीत, वितळतही नाहीत, तिथे एपॉक्सीच. आणि बेकेलाइटमध्ये जाड स्क्रू घालण्याचा विचारसुद्धा करू नये, ते काचेच्या जातीचं आहे, चिरतं.

मग वाद माथ्यावर आला. इथे पुतणीची बाजू मनापासूनची आहे आणि ती नुसत्या हौसेची नाही. उंबऱ्याच्या पट्टीवर जुन्या गाड्यांत जो स्क्रू असतो त्याचा माथा खालून शंकूसारखा आणि वरून किंचित फुगीर. दुकानात सीएसके, म्हणजे काउंटरसंक, म्हणून मागितलं की सपाट माथ्याचा मिळतो. तो शंकूत बसतो, पण वरून तबकडीसारखा दिसतो आणि त्याच्या कडेला चपलेचा तळ अडकतो. फुगीर माथ्यावरून पाऊल घसरून पुढे जातं. काही ठिकाणी माथ्याखाली पितळेची वाटीसारखी चकती असते. ती नसली की माथा थेट रेक्झिनमध्ये रुततो आणि भोकापासून रेक्झिन फाटत जातं.

खाचेचंही तसंच. आडवी खाच ही जुनी. फुल्लीची खाच हेन्री फिलिप्स यांच्या १९३६ च्या पेटंटांनंतर अमेरिकी मोटार कारखान्यांत शिरली, कारण तिच्यात यंत्राचा पेचकस आपोआप मध्यावर बसतो. पण सगळ्या फुल्ल्या सारख्या नसतात. १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८०० सुझुकीच्या आराखड्यावरची. जपानी मानकाच्या फुल्लीत बाजारातला साधा फिलिप्स पेचकस तळाला टेकत नाही, जोर लावला की उसळून बाहेर येतो आणि खाच चावून काढतो. जपानी फुल्लीच्या माथ्यावर अनेकदा एक बारीक ठिपका असतो. तो दिसला की पेचकस बदलावा. मारुतीच्या आतले कितीतरी चांगले स्क्रू नुसत्या चुकीच्या पेचकसाने निकामी झाले आहेत.

“एवढं सगळं पटलं,” काका म्हणाले, “पण धातूच्या बाबतीत मी ऐकणार नाही. उंबऱ्याला स्टेनलेस घालू. पावसात ओले पाय तिथेच पडतात. मूळचे गंजले म्हणूनच तर आज शोधतोय.”

“स्टेनलेसची चकाकी वेगळीच दिसते. शिवाय अॅल्युमिनियमच्या पट्टीत स्टेनलेस म्हणजे दोन धातू आणि मध्ये पाणी. अॅल्युमिनियम खाल्लं जाणार.”

“पुस्तकात बरोबर आहे, पण पूर्ण वाच. खातं किती, हे दोघांच्या आकारावर ठरतं. मोठ्या अॅल्युमिनियममध्ये छोटा स्टेनलेस, तर झीज सगळ्या पट्टीवर वाटली जाते, जाणवतही नाही. मोठ्या स्टेनलेसमध्ये छोटा अॅल्युमिनियमचा रिव्हेट असता, तर तो वर्षात गेला असता. वर माथ्याखाली नायलॉनचा वायसर आणि थोडं ग्रीस. झालं.”

पुतणीने यावर वेगळा मार्ग सुचवला: पितळेचा फुगीर माथ्याचा स्क्रू, वरून निकेल. पितळ गंजत नाही, निकेलची चमक जुन्या क्रोमच्या जवळ जाते. काकांचा आक्षेप होता तो पितळेच्या मऊपणाला. पत्र्यात स्वतःचे आटे पाडायचं काम पितळेला झेपत नाही, माथाच तुटून हातात येतो. म्हणून आधी पोलादी स्क्रू घालून आटे पाडून घ्यायचे, तो काढायचा आणि मग त्याच वाटेने पितळेचा घालायचा. लाकूडकाम करणारे सुतार पितळी स्क्रूच्या बाबतीत हेच करतात. या एका जागी दोघांचं एकमत झालं, आणि हा उपाय दोघांच्याही पहिल्या मतापेक्षा चांगला आहे.

शोध कुठे घ्यायचा, यावर मात्र त्यांच्या वाटा पुन्हा फुटल्या. काकांचा भरवसा दुकानावर. पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट. नट-बोल्टांची दुकानं इतकी दाट की माप सांगता आलं तर काहीही मिळतं. अट एवढीच, की तोंडी वर्णन घेऊन जायचं नाही. जुना स्क्रू न्यायचा, आणि स्क्रू नसेल तर नट. नटही नसेल तर घरून खात्रीचे एम-४, एम-५, एम-६ न्यायचे आणि नवा स्क्रू त्यांच्या आट्यांत आटा घालून उजेडासमोर धरायचा. मधून उजेड आला तर माप जुळत नाही. आणि दोन हवे असले तरी डझन घ्यायचे, कारण पुढच्या वेळी तोच माल असेल असं नाही.

पुतणीचा ओढा भंगाराकडे. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, नाना पेठेतली गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं, मुंबईत ऑपेरा हाउसजवळची गल्ली, कुर्ल्याचा सीएसटी रस्ता. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून अधिकृतपणे उतरली. त्या गाड्यांबरोबर त्यांचे स्क्रूही भंगारात आले. “पण भंगारवाल्याकडे कुणी स्क्रू मागत नाही,” पुतणी म्हणाली. “स्क्रू मागितला तर तो हाकलून देईल. मी आख्खा सनव्हायझर घेते, ब्रॅकेटसकट, कापड फाटलेलं असलं तरी. त्याच्यासोबत तीन स्क्रू, वाटी आणि मागची क्लिप येते. क्लिप तर नव्याने कुठेच मिळत नाही.”

तिचं हे निरीक्षण मोलाचं आहे. पत्र्याच्या कडेवर सरकवून बसवायची पोलादी क्लिप, जिला स्पीड नट म्हणतात, ती जुन्या गाडीत बऱ्याच स्क्रूंचा खरा जोडीदार असते. स्क्रू मिळाला आणि क्लिप नाही, तर काम अर्धवटच राहतं. आणखी एक गोष्ट भंगारातली गाडी शिकवते: काही जागी स्क्रू मुळात नव्हताच. काच वरखाली करायचा हँडल अनेक जुन्या गाड्यांत चकतीमागे लपलेल्या तारेच्या क्लिपने किंवा आडव्या पिनेने धरलेला असतो. तिथे भोक पाडून स्क्रू मारलेली गाडी सर्रास दिसते. शाबूत गाडी पाहिली नसेल तर माणूस नसलेला स्क्रू महिनोन्महिने शोधत बसतो.

मूळपणाच्या आग्रहाला मर्यादा कुठे, हा मुद्दा काकांनी कायद्याकडे बोट दाखवून मांडला. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या वाहनांसाठी विंटेज नोंदणीचे नियम आणले. त्यात चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल नसावा असं म्हटलं आहे. “स्क्रूचं नाव नाही त्यात. आणि आपली गाडी पन्नाशीला अजून पोचायची आहे.”

पुतणीने उत्तर दिलं ते तुरिनच्या सनदेने. ऐतिहासिक वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फीवा हिने २०१२ मध्ये मंजूर केलेली ही सनद, नाव फियाटच्याच गावाचं. नवा भाग घालू नका असं ती म्हणत नाही. नवा भाग नवा म्हणून ओळखता यावा अशी टिकाऊ खूण ठेवा, असं ती सांगते. पुतणीला नेमकं तेच हवं होतं.

याला निमित्त झालं काकांच्या एका युक्तीचं. जीर्णोद्धार करणारे हे करतातच: सीटखालचे, कार्पेटखालचे, कुणाला न दिसणारे मूळ स्क्रू काढून दिसणाऱ्या जागी लावायचे आणि लपलेल्या जागी नवे घालायचे. स्वस्त, सुबक, आणि सगळं समोरून अस्सल.

“म्हणजे पुढचा माणूस कार्पेट उचलेल आणि त्याला वाटेल की तिथे असेच होते,” पुतणी म्हणाली. “मला अदलाबदल चालेल. पण कुठून कुठे नेला ते लिहून गाडीच्या कागदांत ठेवायचं. आणि नव्या स्क्रूच्या माथ्याच्या आतल्या बाजूला रंगाचा ठिपका.”

काकांना लिहिण्याचा कंटाळा, तरी त्यांनी मान्य केलं. टूलरूममध्येही बदललेल्या भागाची नोंद ठेवावीच लागे. आणि जे नवे स्क्रू दिसणाऱ्या जागीच लावायचे होते, ते जुने दिसावेत यासाठी त्यांनीच तोड काढली. जस्ताचा मुलामा असलेला स्क्रू व्हिनेगरमध्ये ठेवला की वरचा पातळ थर विरघळतो. मग तापवून तेलात बुडवला की माथा गडद होतो. जस्त वर असतानाच तापवायचा नाही, त्याचा धूर छातीला वाईट. गाडीच्या आत, ओल लागत नाही तिथेच हे टिकतं. उंबऱ्याला चालणार नाही.

एका जागेबद्दल मात्र दोघांत चर्चाच झाली नाही. सीट आणि सीटबेल्ट. सीटबेल्टचा बोल्ट जगभरच्या बहुतेक गाड्यांत, मेट्रिक गाड्यांतसुद्धा, ७/१६ इंची आणि इंचाला २० आट्यांचा असतो. तो भंगारातून घ्यायचा नाही, त्याच्यासारखा दिसणारा घ्यायचा नाही, त्याचे आटे पुन्हा पाडायचे नाहीत. बेल्टबरोबर आलेला नवा बोल्ट, बस. सजावटीच्या स्क्रूचा नियम जीव सांभाळणाऱ्या बोल्टला लावणं ही चूक कुणाच्याही हातून होऊ नये.

बाकी जागा भरत आल्या आहेत. राहिलं आहे ते डॅशबोर्डच्या कप्प्याच्या बिजागरीचं एक भोक. सहा नंबरच्या स्क्रूचं ते भोक कुणीतरी ड्रिल मारून दहा नंबराचं केलं आहे. पुतणीला ते वेल्डिंगने बुजवून पुन्हा मूळ मापाचं पाडायचं होतं. काकांनी नकार दिला, कारण पत्र्याच्या डॅशबोर्डवर मूळ रंग अजून शाबूत आहे आणि वेल्डिंगच्या आचेने तो जळेल. क्लिप घालावी तर भोक कडेपासून लांब, क्लिप तिथवर पोचत नाही.

तेव्हा ठरलं ते असं: एक मिलिमीटर पत्र्याची छोटी पट्टी कापायची, तिला सहा नंबरसाठी २.८ मिलिमीटरचं भोक पाडायचं आणि ती डॅशबोर्डच्या मागून एपॉक्सीने चिकटवायची. स्क्रू मूळ जातीचाच, सहा नंबर, फुगीर माथ्याचा. एपॉक्सी एवढा भार धरेल का, असं पुतणीने विचारलं. काकांनी सांगितलं की भार एपॉक्सीवर येतच नाही. स्क्रू आवळला की डॅशबोर्डचा पत्रा बिजागरी आणि पट्टी यांच्यामध्ये दाबला जातो. एपॉक्सीने फक्त पट्टीला फिरू द्यायचं नाही. शिवाय उद्या कुणाला ती काढावीशी वाटली तर थोड्या उष्णतेने सुटेल, डॅशबोर्डला धक्का न लागता. पट्टीची रुंदी किती ठेवायची, यावर बोलणं अजून चालू आहे. काका बारा मिलिमीटर म्हणतात. मागून जाणाऱ्या वायरींमुळे पुतणीला दहाच हवी आहे.